सोळा घरांचं आवर्तन: मोबाइलवरचा सीक्वेन्सर नेमकं काय करतो

मोबाइलवर सीक्वेन्सर ॲप उघडलं की समोर येते एक जाळी. एका ओळीत सोळा चौकोनी घरं, आणि अशा चार-आठ ओळी एकाखाली एक, प्रत्येक ओळ एका आवाजाची. ना पट्ट्या, ना तारा. दोन-चार घरांवर बोट टेकवून प्ले दाबलं की ‘धप चिक धप चिक’ सुरू होतं. थोडा वेळ मजा वाटते, मग तेच तेच ऐकून कान किटतात आणि ॲप बंद होतं. यूट्यूबवर शिकायला जावं तर कटऑफ, एन्व्हलप, स्विंग, साइडचेन असले शब्द अंगावर येतात. खरं तर तबल्याचा ठेका ज्याच्या कानात मुरलेला आहे त्याला यातलं निम्मं आधीच माहीत असतं. ते कुठल्या बटणामागे लपलंय एवढंच शोधायचं असतं.

सीक्वेन्सर स्वतः आवाज काढत नाही, हे आधी लक्षात घ्या. कोणता आवाज, कधी, किती जोरात आणि किती वेळ, एवढ्या सूचना तो साठवतो आणि वेळ झाली की त्या आवाज काढणाऱ्या भागाकडे पाठवतो. हा भाग म्हणजे ॲपमधलाच सिंथेसायझर किंवा साठवलेलं रेकॉर्डिंग, म्हणजे सॅम्पल. म्हणून सीक्वेन्सरवर केलेली चाल नंतर दुसऱ्या वाद्यावर टाकता येते, पट्टी बदलता येते, लय दुप्पट करता येते. माइकवर रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी एवढी मोकळीक घेता येत नाही.

आता जाळीचं गणित. लय बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके. १२० बीपीएम ठेवलं तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. एका ठोक्याची चार घरं, म्हणजे एक घर १२५ मिलिसेकंदांचं आणि सोळा घरांची अख्खी ओळ २ सेकंदांची. शेवटचं घर संपलं की पुन्हा पहिलं. ही सोळाची पद्धत जगभर रुजली ती मुख्यतः जपानच्या रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमुळे. ते १९८० साली आलं. त्याच्या खालच्या कडेला सोळा बटणं होती, चार-चारच्या गटात लाल, नारिंगी, पिवळी आणि पांढरी. आजच्या बहुतेक ॲपमध्ये दर चार घरांनी रंग बदलतो, तो याच मशीनचा वारसा.

सोळा म्हटलं की आपल्याला त्रिताल आठवणारच. चार-चारचे चार विभाग, पहिल्यावर सम, नवव्या मात्रेवर खाली. जाळी आणि ताल अगदी जुळले म्हणून उत्साहाने एका घरात एक मात्रा भरली की गोची होते, कारण सीक्वेन्सरचं घर म्हणजे मात्रा नव्हे, ठोक्याचा पाव भाग. १२० बीपीएमला मिनिटाला ४८० घरं सरकतात. म्हणजे तुमचा त्रिताल मिनिटाला ४८० मात्रांच्या वेगाने धावतो, सतारीवरच्या अतिद्रुत ‘झाला’च्याही टोकाला. मध्यलय हवी असेल तर बीपीएम ४० वर आणा, मिनिटाला १६० मात्रा मिळतील. दुसरा आणि जास्त चांगला मार्ग म्हणजे एका मात्रेला चार घरं द्या. एका आवर्तनाची ६४ घरं होतील, म्हणजे एकामागून एक वाजणाऱ्या चार ओळी. मग मात्रेच्या मध्ये तिरकिट भरायलाही जागा उरते.

सुरुवात मात्र केरव्यापासून करावी असं माझं मत आहे. आठ मात्रा, प्रत्येकीला दोन घरं, हिशेब सरळ. बीपीएम १०० ठेवा. ‘धा गे ना ती, ना के धी ना’ हे बोल १, ३, ५, ७, ९, ११, १३ आणि १५ या घरांवर येतात. आता डग्ग्याचा घुमारा कुठे आहे ते पाहा: धा, गे आणि धी, म्हणजे १, ३ आणि १३. या तीन घरांवर किक, म्हणजे जाड खालचा ठोका ठेवा. ‘ना’च्या घरांवर, म्हणजे ५, ९ आणि १५ वर, कोरडा तीक्ष्ण आवाज ठेवा, रिमशॉट चालेल. ‘के’वर दबका ठोका, ‘ती’वर एखादा हलका आवाज. धा आणि धी हे दोन्ही हातांचे बोल, म्हणून १ आणि १३ वर किकच्या जोडीला वरचा आवाजही. प्ले दाबलं की ८०८ च्या आवाजात केरवा वाजू लागतो, आणि १३ व्या घरावरची किक सगळं चक्र पुन्हा समेकडे कशी ढकलते हे कानाला लगेच जाणवतं. तीच किक १, ५, ९, १३ अशी समान अंतरावर ठेवा, ५ आणि १३ वर टाळीचा आवाज आणि ३, ७, ११, १५ वर हायहॅट, म्हणजे झांजेची ‘चिक’, की शिकागोत जन्मलेला हाउस ठेका तयार. किक तीच, घरं बदलली.

एवढं करूनही ठेका यंत्रासारखाच वाटतो. सगळे ठोके सारख्याच जोराने पडतात हे त्याचं पहिलं कारण. प्रत्येक घराला व्हेलॉसिटी असते, म्हणजे आघाताचा जोर. बहुतेक ॲपमध्ये घर दाबून धरलं की किंवा खालच्या उभ्या पट्टीत ती बदलता येते. तिचा आकडा १२७ पर्यंतच का जातो? १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून मिडी नावाची पद्धत आली. तिच्यात अशा किमतीसाठी सात बिट ठेवले आहेत आणि सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे मावतात. चाळीस वर्षांपूर्वीचा तो निर्णय आजही तुमच्या फोनमध्ये बसलाय. हायहॅटच्या ओळीत सगळीकडे १०० ठेवण्याऐवजी ठोक्यावर १००, मधल्या घरांवर ५५-६० असं करून पाहा. तेवढ्यानं ओळ श्वास घ्यायला लागते.

दुसरं कारण म्हणजे घरं काटेकोर समान असणं. ढोलकी वाजवणारा कुणीही घरं समान ठेवत नाही, आणि लावणीचा ठेका सरळ जाळीत बसवला की तो बेचव होतो तो यामुळेच. यावर ॲपमध्ये स्विंग नावाचा स्लायडर असतो. तो सम क्रमांकाची घरं, म्हणजे २, ४, ६ वगैरे, जरा उशिरा वाजवतो. अमेरिकेतले वाद्यनिर्माते रॉजर लिन यांनी ड्रम मशीनमध्ये हे रुळवलं. त्यांच्या मापात ५० टक्के म्हणजे सरळ चाल आणि ६६ टक्क्यांच्या आसपास ठोक्याचे तीन भाग पडल्यासारखी झुलती चाल. ५४ ते ५८ च्या मध्ये खेळून पाहा. स्विंग काय आहे हे वाचून कळत नाही, स्लायडर पुढेमागे करताना पायाचा ताल बदलतो तेव्हा कळतं. काही ॲपमध्ये एकेक ठोका वेगळा मागेपुढे सरकवता येतो. ती सोय असेल तर ढोलकीवाल्यांनी तीच वापरावी, कारण स्विंगने सगळी घरं एकाच मापाने झुलतात आणि माणसाचा हात तसा झुलत नाही.

आवाज घडतो कसा

ठेक्यानंतर सूर. इथे सिंथेसायझर येतो आणि नवशिक्यांची दमछाकही इथेच होते. स्क्रीनवर तीस नॉब दिसले तरी मूळ गोष्टी तीनच.

पहिली ऑसिलेटर, म्हणजे कच्चा आवाज काढणारा भाग. त्यात लहरीचा आकार निवडायचा. साइन लहर गोल, साधी, एकाच कंपनसंख्येची. सॉ म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लहर, तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्या पटींचे स्वर मिसळलेले असतात, म्हणून ती भरदार आणि खरखरीत. स्क्वेअर लहरीत फक्त विषम पटी असतात, त्यामुळे ती पोकळ वाटते, जुन्या व्हिडिओ गेमसारखी.

दुसरी फिल्टर. शेजारच्या खोलीत गाणं लागलेलं असताना मधलं दार बंद केलं की ठोका ऐकू येतो पण शब्द पुसट होतात. लो-पास फिल्टर तेच करतो, खालचे स्वर जाऊ देतो आणि वरचे अडवतो. कटऑफ म्हणजे ते दार किती उघडं आहे. रेझोनन्स वाढवला की अडवण्याच्या सीमेवरचे स्वर उठून दिसतात आणि कटऑफ फिरवताना ‘व्याँव’ असा आवाज येतो.

तिसरी एन्व्हलप, म्हणजे आवाज वेळेनुसार कसा उठतो आणि विझतो. ॲटॅक, म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, शून्यावर असेल तर आवाज ठोक्यासारखा पटकन येतो, वाढवला तर सतारीऐवजी व्हायोलिनसारखा हळूहळू चढतो. किकचा आवाजही मुळात यातूनच बनतो. साधी साइन लहर घ्या, तिचा सूर सुमारे २०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झपर्यंत क्षणार्धात घसरू द्या, झाली किक. ड्रमचं रेकॉर्डिंग लागतच नाही.

या तीन गोष्टी आणि सोळा घरं एकत्र आली की काय होतं याचं उत्तम उदाहरण मुंबईत घडलं, आणि ते आपल्याकडेच फार थोड्यांना माहीत आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ साली रोलँडची तीन यंत्रं घेतली: टीआर-८०८ ड्रम मशीन, ज्युपिटर-८ सिंथेसायझर आणि टीबी-३०३ हे बेससाठीचं, म्हणजे खालच्या जाड सुरांसाठीचं, छोटं सीक्वेन्सर-सिंथ. त्यांवर त्यांनी डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा तिची फारशी दखल कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोत त्याच टीबी-३०३ च्या आवाजावर ॲसिड हाउस नावाची शैली उभी राहिली. २०१० मध्ये ही रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. शिकागोच्या मंडळींनी ती ऐकली होती असं मुळीच नाही. दोन शहरांत दोन वेगळ्या हेतूंनी एकच यंत्र वापरलं गेलं आणि आवाज जवळचे निघाले, एवढीच ती गोष्ट.

पण राग त्या यंत्रावर शोभला याला तांत्रिक कारण आहे. टीबी-३०३ मध्ये प्रत्येक घराला ‘स्लाइड’ देता येतो. तो दिला की एक स्वर तुटत नाही, घसरत पुढच्या स्वराला भिडतो. मींडच म्हणा ना, यंत्राच्या पद्धतीची. आजच्या ॲपमध्ये हे ग्लाइड किंवा पोर्टामेंटो या नावाने सापडेल. लागोपाठच्या दोन स्वरांवर ते लावा, कटऑफ हळूहळू उघडा, आणि सोळा घरांची तीच ओळ दोन मिनिटं ऐकवते.

सुरांच्या बाबतीत एक सावधगिरी. बऱ्याच ॲपमध्ये स्केल निवडून ठेवता येते, मग चुकीचा स्वर लागतच नाही. मेजर पेंटॅटॉनिक निवडलं की सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूपाचे स्वर. पण तेच पाच स्वर देसकारालाही आहेत. भूप गंधारावर रमतो, देसकार धैवतावर. कुठल्या स्वरावर थांबायचं आणि कुठला नुसता शिवून जायचं हे ॲपला ठाऊक नाही, ते तुम्हालाच घरांच्या लांबीतून आणि जोरातून सांगावं लागतं. शिवाय ॲपचा गंधार पेटीसारखा समान अंतरांच्या सप्तकातला असतो. तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. फाइन-ट्यूनचा नॉब असेल तर त्या स्वरापुरता तो उतरवता येतो. नाच-गाण्याच्या ट्रॅकमध्ये हे कुणाच्या लक्षात येणार नाही, पण मागे सलग षड्ज धरलात तर नक्की टोचेल.

कंटाळा घालवायचा कसा

सोळा घरांचा तुकडा म्हणजे एक पॅटर्न. ॲपच्या साँग किंवा अरेंज भागात असे पॅटर्न एकापुढे एक मांडून गाणं बनतं. नवशिका माणूस दर वेळी नवीन वाद्य घालत सुटतो आणि आठव्या ओळीला नुसता गोंगाट उरतो. काढून घेणं जास्त परिणामकारक असतं. आठ आवर्तनं सगळं वाजू द्या, नवव्याला किक गायब करा, दहाव्याला परत आणा. नाचणाऱ्यांना जे हवं असतं ते त्या परतीत असतं.

आणि तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ठोका समेवर आणणं. जाळीवर तिहाई बसवणं ही माझ्या मते सीक्वेन्सरमधली सगळ्यात आनंदाची गोष्ट आहे, कारण गणित डोळ्यांना दिसतं. सोळा घरं संपून पुन्हा समेवर यायचं म्हणजे सम धरून सतरा जागा. पाच घरांचा एक तुकडा घ्या, ज्याचा शेवटचा ठोका जोरकस ‘धा’ असेल. तो १ ते ५, मग ६ वे घर रिकामं, ७ ते ११, १२ वे रिकामं, आणि १३ पासून तिसरा तुकडा, ज्याचा धा सतराव्या जागी, म्हणजे पुढच्या ओळीच्या पहिल्या घरावर. पाच त्रिक पंधरा अधिक दोन. तीन घरांचा तुकडा आणि मध्ये चार-चार घरांचं अंतर ठेवलं तरी हिशेब सतराच येतो, पण चव एकदम वेगळी. शेवटचा धा पुढच्या पॅटर्नमध्ये ठेवायला विसरू नका, नाहीतर तिहाई समेच्या तोंडाशी येऊन लटकते.

काही ॲपमध्ये प्रत्येक ओळीची लांबी वेगळी ठेवता येते. किकची ओळ सोळा घरांची आणि बेसची सात घरांची ठेवा. दोन्ही एकदम सुरू होतात, मग बेस घसरत जातो आणि ११२ घरांनंतर, म्हणजे सात आवर्तनांनी, दोघं पुन्हा समेवर भेटतात. दोन ओळींच्या मेहनतीत चौदा सेकंद काहीतरी नवीन घडत राहतं (१२० बीपीएमचा हिशेब).

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून घडलेल्या ट्रान्स संगीतात आणि त्यातून पुढे आलेल्या सायट्रान्समध्ये जाळीचा आणखी एक डाव शिकायला मिळतो. लय १४५ च्या आसपास, म्हणजे एक घर साधारण १०३ मिलिसेकंदांचं. प्रत्येक ठोक्याच्या पहिल्या घरावर किक आणि उरलेल्या तीन घरांवर बेस, पहिल्या घरात बेस नाहीच. त्यातून ‘धम-गगग धम-गगग’ अशी दौड मिळते हे एक. किक आणि बेस दोन्ही ५० ते १०० हर्ट्झच्या भागात राहतात, एकदम वाजले की एकमेकांत कालवतात, आणि घरं वाटून घेतली की तो प्रश्नच उरत नाही, हे दुसरं. साइडचेन नावाचं जे भारदस्त प्रकरण आहे तेही हेच करतं: किक वाजली की बेसचा आवाज क्षणभर आपोआप खाली.

फोनच्या मर्यादा

फोनच्या स्पीकरवर मिक्स, म्हणजे आवाजांचा कमी-जास्त मेळ, करू नका. एवढासा स्पीकर ५० हर्ट्झचा ठोका काढूच शकत नाही, मग किक ऐकू येत नाही म्हणून माणूस ती वाढवत जातो आणि लग्नाच्या डीजेवर लावली की भिंती हादरतात. साधा वायरचा हेडफोन घ्या. उलट बाजूने, ऐकणारे बहुतेक जण फोनवरच ऐकणार हेही खरं आहे. त्यासाठी किकला किंवा बेसला थोडं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटल्यासारखा आवाज, द्या. त्याने १००, १५०, २०० हर्ट्झचे आणि त्यावरचे स्वर तयार होतात. छोट्या स्पीकरातून त्यातले वरचे ऐकू येतात आणि खालचा मूळ सूर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो.

ब्लूटूथची भानगड वेगळी. त्यात आवाज पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२० बीपीएमला एक ते दोन घरं. जाळी आधी भरून मग ऐकत असाल तर फरक पडत नाही, सगळंच सारखं उशिरा येतं. पण पॅडवर बोटांनी ठेका वाजवून रेकॉर्ड करायला गेलात की प्रत्येक ठोका चुकतो आणि दोष बोटांना दिला जातो. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये वायर लावूनही थोडा उशीर जाणवायचा. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून गूगलने आवाजासाठी वेगळा जलद मार्ग दिला, तरी स्वस्त फोनमध्ये आजही फरक आढळतो. सेटिंगमध्ये बफर, म्हणजे वाजवण्याआधी आवाज साठवून ठेवायची जागा, कमी करून पाहा. आवाज तडतडायला लागला की एक पायरी मागे या.

माइक ही मात्र फोनची मोठी ताकद. स्टीलच्या वाटीवर चमचा मारून रेकॉर्ड करा आणि सॅम्पल म्हणून घ्या. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची शांतता अगदी काठापर्यंत कापा, नाहीतर ३०-४० मिलिसेकंदांची ती फट प्रत्येक घरावर ठोका उशिरा आणते. मग सूर १२ पायऱ्या, म्हणजे एक सप्तक, खाली उतरवा. साध्या सॅम्पलरमध्ये सूर निम्मा झाला की लांबी दुप्पट होते, आणि वाटीची किणकिण घंटेसारखी घुमू लागते.

ॲप कोणतं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, त्यात बीट सीक्वेन्सरही आहे. बँडलॅब दोन्हीकडे चालतं. सॅम्पल कापून खेळायचं असेल तर कोआला. पूर्ण गाणं फोनवरच बांधायचं असेल तर एफएल स्टुडिओ मोबाइल, त्याला पैसे पडतात. सनवॉक्समध्ये घरं आडवी नसून वरून खाली धावतात, सवय व्हायला वेळ लागतो पण त्याची खोली अफाट. नॅनोलूप तर १९९८ मध्ये गेमबॉयसाठी बनलं होतं, नंतर फोनवर आलं. सोळा घरं चार बाय चारच्या चौकोनात मांडणारं हे ॲप मला व्यक्तिशः सगळ्यात आवडतं, कारण त्यात फाटे फुटायला जागाच नाही.

ट्रॅक झाला की एक्सपोर्ट करताना आधी वेव्ह फाइल काढा, एमपीथ्री नंतर. सीडीच्या दर्जाची वेव्ह मिनिटाला सुमारे १० एमबी घेते, तेवढी जागा ठेवा. मास्टरचा, म्हणजे सगळ्या आवाजांच्या एकत्रित पातळीचा, मीटर लाल होत असेल तर मास्टर नव्हे, आतले सगळे ट्रॅक थोडे खाली आणा. आणि प्रोजेक्टची फाइल ड्राइव्हवर वेगळी टाकून ठेवा: बरीच ॲप काम स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि ॲप काढलं की ते फोल्डरही जातं.